शाळेमागचं उत्खनन

माझ्या सासऱ्यांना मोहेंजोदडोची गटारं फार आवडत. पुस्तकात त्यांचा फोटो आला की चष्मा कपाळावर सरकवून ते पान डोळ्यांजवळ नेत. "उतार बघ कसा दिलाय," म्हणत. "आणि वर झाकणं. काढून साफ करता येतील अशी. आमच्या ठेकेदारांना हे कधी जमलं नाही."

लग्न होऊन मी भोपाळच्या टाउनशिपमध्ये आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात नवरा, मी आणि मामंजी. नवरा कारखान्यात इंजिनिअर, पाळीवर जाणारा. मामंजी त्याच कारखान्याच्या सिव्हिल खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. मूळचे साताऱ्याकडचे, पण टाउनशिपची आखणी व्हायच्या आधी, नुसता माळ होता तेव्हा, इथे तंबू ठोकून राहिलेल्या पहिल्या काही माणसांतले. मी इंदूरची. माझ्या मराठीत हिंदी कुठे संपते हे मला स्वतःलाच कळायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मामंजींनी मला सांगितलं, "सूनबाई, भाजी 'बनवत' नाहीत. भाजी करतात." मला राग आला होता. नंतर आमचं जमलं, ते पुस्तकांमुळे.

टाउनशिपच्या शाळेत मी इतिहास शिकवायला लागले होते. क्लबाच्या वाचनालयात कादंबऱ्यांवर उड्या पडत, पण जगातल्या जुन्या संस्कृतींवरची जाडजूड, रंगीत चित्रांची इंग्रजी पुस्तकं कोपऱ्यात कोरी पडून होती. आठवीला शिकवायचं म्हणून मी एकेक घरी आणू लागले. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा वाजला की चहा व्हायचा आणि चहानंतर आम्ही दोघं व्हरांड्यात बसायचो. मी वाचून मराठीत सांगायची, मामंजी चित्रं बघायचे. राजांच्या सोन्याच्या मुखवट्यांत त्यांना रस नव्हता. इजिप्तमध्ये कबरी कोरणाऱ्या कारागिरांचं एक अख्खं गाव सापडलंय म्हटल्यावर मात्र ते सावरून बसले. पेरूमधल्या चुना-मातीशिवाय रचलेल्या भिंतींच्या चित्रावर त्यांनी बोट फिरवून सांधे तपासले. ऊर शहरातली घरं मध्ये चौक ठेवून बांधलेली, ते त्यांना पटलं.

तुर्कस्तानातल्या एका फार जुन्या वस्तीबद्दल वाचत होते. तिथे घर जुनं झालं की ते मातीनं भरून टाकत आणि त्याच्याच माथ्यावर नवं घर उभारत.

"खालचं घर भरून टाकायचे?" मामंजींनी विचारलं.

"हो. आणि त्याच भिंतींवर नवीन."

"त्याच माणसांचं ना पण?"

"काय?"

"वरचं घर. त्याच माणसांचं असायचं ना?"

"त्यांच्याच मुलाबाळांचं असणार."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

आणखी एकदा पॉम्पेईचं पुस्तक होतं. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेल्या भट्टीत पाव तसेच राहिलेले. कोळसा झालेले, पण वरच्या कापांच्या खुणा शाबूत. "भाजायला घातले आणि पळाले बिचारे," मी म्हणाले. मामंजी त्या पानाकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. मग त्यांनी पुस्तक मिटलं. "आज पुरे." मला वाटलं, दमले असतील.

पुस्तकं वाचून माझ्या डोक्यात आलं की मुलांना खोदकाम प्रत्यक्ष करायला द्यावं. चौकोन कसे आखतात, माती थराथरानं कशी काढतात, सापडलेल्या वस्तूची जागा कशी टिपतात हे हातानं केल्याशिवाय कळणार नाही. शाळेच्या मागे नाल्याच्या बाजूला थोडी उंच जागा मोकळी होती. कडुनिंबाचं एक मोठं झाड, बाकी गवत. दोरी-खुंट्यांचं काम मामंजींइतकं कुणाला येणार?

"कुठे खणणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"शाळेमागे, कडुनिंबापाशी."

"तिथं नको."

"का?"

"साप आहेत."

"गवत काढून घेऊ ना. माळी आहेत शाळेचे."

"दुसरी जागा बघ," म्हणून ते उठले आणि गुलाबांना पाणी घालायला गेले. पाणी सकाळीच घालून झालं होतं. ते माझ्या लक्षात आलं, पण मी त्यावर विचार केला नाही. म्हातारपणी माणसं विनाकारण अडून बसतात, एवढंच मनात आलं. खुंट्या मीच ठोकल्या, वाकड्यातिकड्या.

मला वाटलं होतं काही सापडणार नाही. मुलं चार दगड गोळा करतील आणि आम्ही ते धुऊन, नंबर घालून ठेवू. पण हातभर खाली गेलो नाही तोच कौलांचे तुकडे लागले. भोपाळकडे त्यांना कवेलू म्हणतात. मग सारवलेल्या जमिनीचा एक पट्टा. काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हिरवे. जात्याची फुटकी तळी. आणि मग एका मुलीनं ब्रशनं माती झाडता झाडता किंकाळीच फोडली, "मैडम, चूल्हा!"

खरंच चूल होती. शेजारी दुसऱ्या भांड्यासाठी वैल असलेली, भाजून लाल झालेली, एका बाजूनं ढासळलेली. आत राख होती. मुलं नाचायला लागली. कुणी म्हणालं सिंधू संस्कृती, कुणी म्हणालं अश्मयुग. त्यांना गप्प करायचं काम माझं होतं. पण मीही वाकून त्या राखेत बोट घातलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या खोदकामांबद्दल वाचून सांगत होते. आता हे माझं होतं.

एका मुलानं एनॅमलच्या कपाचा तुटका कान आणून दाखवला. पांढरा, निळ्या काठाचा. त्याच थरातला. "यह बाद का है, ऊपर से गिरा होगा," मी म्हणाले आणि तो बाजूला फेकला. तो वरून पडलेला नव्हता हे मला तेव्हाही दिसत होतं. कौलंही फार जुनी नव्हती. पण मुलांची तोंडं फुललेली होती आणि माझंही. मी स्वतःशी म्हटलं, शे-दोनशे वर्षं तरी असतीलच.

प्राचार्याबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी हॉलमध्ये प्रदर्शनच ठेवलं. एका भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं: ऊरचा चौक, पॉम्पेईची भट्टी, पेरूच्या भिंती. समोर टेबलांवर आमच्या वस्तू. चूल आम्ही खालच्या मातीसकट उचलून लाकडी फळीवर आणली होती. तिच्यापुढे मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'प्राचीन मानव का रसोईघर'.

मामंजी पहिल्या दिवशी आले. इस्त्रीचा बुशशर्ट, हातात छत्री. मला वाटलं, सुनेचं कौतुक बघायला आलेत. मुलं त्यांना एकेक टेबल दाखवत होती आणि ते मान हलवत होते. चुलीपाशी मात्र ते थांबले आणि मुलं पुढे गेली तरी तिथेच राहिले. मी दुसऱ्या टोकाहून पाहिलं, त्यांनी वाकून माझी चिठ्ठी वाचली. मग ते सरळ दाराबाहेर पडले. छत्री विसरून.

घरी आले तेव्हा ते व्हरांड्यात बसले होते. ताट वाढलं तर म्हणाले, भूक नाही. नवरा दुसऱ्या पाळीला गेला होता. मी त्यांच्यासमोर बसले.

"मामंजी, माझं काही चुकलं का?"

"ते घर मी पाडलंय," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"तिथं गाव होतं. लहानसं. नाल्याच्या अंगाला. शाळेची, मैदानाची, त्या सगळ्या सेक्टरची जागा म्हणजे त्यांची घरं नि शेतं. पैसे दिले होते सगळ्यांना नियमानं, सांगितलंही होतं. बहुतेक लोक गेलेही होते. कडुनिंबाखालचं एक घर राहिलं होतं. दोघी जावा, त्यांची पोरं. पुरुष सामान घेऊन पुढे गेले होते, गाडी परत यायची होती. आणि मला घाई होती. मोठे साहेब दुसऱ्या दिवशी मोकळी जागा बघायला येणार होते."

ते थांबले.

"एक जण चुलीपाशी बसली होती. म्हणाली, 'बाबूजी, रोटी तो सिक जाने दो.' एवढंच. मी मजुरांना म्हटलं, चढा वर, कौलं काढा. ते चढले. वरची माती, जाळी-जळमटं सगळी तिच्या परातीत पडली. कणकेवर. तिनं वर पाहिलं. तव्यावरची तशीच सोडून उठली."

"तुम्हाला सांगितलेलं काम होतं, मामंजी."

"काम होतं. थोडा वेळ थांबलो असतो तर काम बुडालं नसतं." त्यांनी ताट दूर सरकवलं. "साहेब दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत."

ते खणू नको म्हणाले होते. मी सापांचं कारण खरं मानलं, कारण तेच मानणं मला सोयीचं होतं. आणि आता कुणाची तरी राख, कुणाच्या तरी बांगड्या मी नंबर घालून टेबलावर मांडल्या होत्या, वर त्यांना प्राचीन मानव म्हटलं होतं. ती माणसं कदाचित आमच्यापासून भोंगा ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहत होती.

सकाळी शाळा भरायच्या आधी जाऊन मी चिठ्ठी बदलली. 'इस जगह जो गाँव था, उसके एक घर का चूल्हा', असं लिहिलं. प्राचार्याबाई म्हणाल्या, "मैडम, लोग निराश होंगे." झालेच. त्या दिवशी आलेले पालक चिठ्ठी वाचून "अच्छा, पुराना नहीं है," म्हणत पुढे विज्ञानाच्या टेबलाकडे जात होते. तिथे चुंबक ठेवले होते. वर्गात मी मुलांना खरं काय ते सांगितलं. चूल सापडलेली मुलगी म्हणाली, "तो फिर हमने कुछ नहीं खोजा?"

रविवारी मामंजी म्हणाले, "माझ्याबरोबर चल." ती माणसं होशंगाबाद रोडच्या बाजूला, बाग सेवनियाच्या पुढे गेली, एवढं त्यांनी तेव्हा ऐकलं होतं. टेंपोनं गेलो, उतरून चालत गेलो, चहाच्या टपरीवर त्या गावच्या दोघी जावांचं घर विचारलं. टपरीवाल्यानं लगेच हात करून दाखवलं. इतकं सोपं होतं. मामंजी मधल्या सगळ्या वर्षांत तिकडे एकदाही गेले नव्हते आणि घर विचारायला एक प्रश्न पुरला.

अंगणात म्हशी होत्या. एक बाई चारा टाकत होती, पन्नाशी ओलांडलेली, उंच, कपाळावर मोठं गोंदण. आम्ही म्हैस बघायला किंवा दूध लावायला आलोय असं तिला वाटलं असावं. तिनं खाट पुढे सरकवली. मामंजी बसले नाहीत. उभ्या उभ्या हात जोडून त्यांनी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं: गाव, कडुनिंब, कौलं, परात.

ती ऐकत होती. त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होती, पण तिला ते आठवत नव्हते हे स्पष्ट दिसत होतं.

"रोटी?" ती म्हणाली. "वो मैं नहीं थी बाबूजी. मैं तो बच्चों को लेके पेड़ के नीचे खड़ी थी. रोटी तो जेठानी सेंक रही थी."

"वो कहाँ हैं?"

"गुज़र गईं. पिछले जाड़े में."

मामंजी खाटेवर बसले. तिनं आत जाऊन पाणी आणलं. ते हातात धरून त्यांनी विचारलं, "वो कुछ कहती थीं? उस दिन के बारे में?"

तिनं आठवून पाहिलं. मुद्दाम टोचायचं असं तिच्या बोलण्यात काही नव्हतं, आणि समजूत घालायची असंही नव्हतं. "ना. कहती तो कुछ नहीं थी. बस यहाँ आके चूल्हा उसने कभी नहीं डाला. हर बार मैं ही डालती थी. कहती, तू डाल, मेरे हाथ का टिकता नहीं."

टेंपोत परतताना मामंजींनी पूर्ण रस्ताभर बाहेर तोंड केलं होतं. मीही त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. पिछले जाड़े में, म्हणजे आम्ही व्हरांड्यात बसून इजिप्तमधल्या कारागिरांचं गाव वाचत होतो, साधारण तेव्हा.

निघताना ती बाई मला म्हणाली होती, "चूल्हा दिखाओगी?" दोन दिवसांनी ती शाळेत आली. नवीन साडी नेसून, दुधाची किटली सायकलवाल्या मुलाकडे सोपवून. प्रदर्शन संपलं होतं, हॉल रिकामा होता, चूल मात्र फळीवर तशीच होती. ती चुलीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. फळी टेबलावर होती, त्यामुळे तिला मान वर करून बघावं लागत होतं. मी आणि चपराशानं मिळून फळी खाली ठेवली. तिनं चुलीच्या काठावरून अंगठा फिरवला.

"हओ. उसी का है," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. "अब इसका क्या करोगे?"

"आप बताइए."

"मिट्टी है. मिट्टी में डाल दो."

आम्ही तसंच केलं. आठवीची मुलं, ती, मी आणि मामंजी. खड्डा अजून उघडाच होता. चूल तिच्या जागेवर ठेवली, बांगड्यांचे तुकडे, जात्याची तळी, मी फेकलेला कपाचा कान शोधून तोही. मामंजींनी स्वतः पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून हातानं माती लोटली. माळी माती ठोकायला धुमस घेऊन आला तेव्हा ते त्याच्यावर ओरडले. "ठोकू नका. दाबू नका. आपोआप बसेल." आयुष्यभर भराव दाबून पक्का करून घेणारा माणूस. मुलांना काही कळलं नाही.

त्यानंतर आमची संध्याकाळची वाचनं बंद झाली नाहीत, पण वेगळी झाली. कुठल्याही खोदकामाचं वाचलं की मामंजी विचारायचे, "तिथली माणसं कुठे गेली?" पुस्तकात बहुतेक वेळा ते दिलेलं नसायचं. मी 'माहीत नाही' म्हणायची. शाळेतही मी पुन्हा खोदकाम केलं नाही. मुलांनी विचारलं तर परवानगी मिळत नाही असं सांगायची. ते खरं नव्हतं, मी परवानगी मागितलीच नव्हती.

महिन्या-दोन महिन्यांनी मामंजी टेंपोत बसून बाग सेवनियाच्या पुढे जायचे. गुलाबाची कलमं न्यायचे. तिच्या अंगणात खाटेवर बसायचे, चहा घ्यायचे, म्हशींबद्दल विचारायचे आणि परत यायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "तिकडे जाऊन आलं की हलकं वाटतं का?"

"नाही," ते म्हणाले. "न गेलं की जास्त जड वाटतं."

मी त्यांच्याबरोबर पुन्हा गेले नाही. शाळा, पेपर तपासणं, घर. कारणं होतीच. खरं म्हणजे ती मला बघून हसली असती आणि 'बहूजी' म्हणाली असती ते मला सोसलं नसतं. मामंजींनी जे केलं ते नोकरीच्या धाकानं, तरुण वयात. मी जे केलं ते हौसेनं, शिकल्या-सवरल्या डोक्यानं. पण त्याबद्दल माझ्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं, आणि मी तिच्या दारात जाऊन हात जोडून उभी राहिले नाही.

काही वर्षांनी मामंजी गेले, झोपेतच. तेरावा झाल्यावर एक दिवस दुपारी ती आली. कुणी कळवलं नव्हतं. बरेच दिवस आले नाहीत म्हणून टाउनशिपमध्ये दूध घालणाऱ्या मुलाकडे चौकशी केली होती तिनं. मी आत या म्हटलं तर आली नाही, व्हरांड्यात मामंजींच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. मग मीही जमिनीवर बसले. तिनं त्यांचा फोटो मागून घेऊन पाहिला. पदरानं काच पुसून परत दिला.

चहा घेता घेता तिनं इकडेतिकडे पाहिलं. गुलाब, पत्र्याचं फाटक, भिंतीवरचा क्वार्टरचा नंबर.

"यह घर अब आपका हो गया?" तिनं विचारलं.

"नहीं. कंपनी का है. इनकी नौकरी है तब तक. रिटायर होंगे तो खाली करना पड़ेगा."

"सबको?"

"सबको."

तिनं बशीतला चहा संपवला. "कितने दिन की मोहलत देते हैं?"

"कुछ महीने तो देते हैं," मी म्हणाले. "सामान बाँधने को, दूसरा घर देखने को."

"अच्छा है," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, तिला खरोखर बरं वाटलं होतं. "फिर ठीक है."

मी तिला आणखी चहा देऊ का विचारलं. ती नको म्हणाली. म्हशींची वेळ झाली होती. मी फाटकापर्यंत गेले आणि ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी होते. माझ्या ओठांवर त्या 'प्राचीन मानव' चिठ्ठीबद्दलची माफी होती, ती मी तिला हाक मारून मागू शकले असते. हाक ऐकू जाईल इतकीच ती लांब होती.